थांबल्यानंतरची दहा मिनिटं

“खेळत असताना तिच्याकडं नको बघूस गं. खेळ थांबला की बघ,” बसव्वा मला म्हणाल्या होत्या.

मी “बरं आज्जी” म्हटलं आणि संस्कृतीच्या नाकावर बांधलेला रुमाल जरा वर ओढला. मैदानात धूळ फार होती. माझी मुलगी चार वर्षांची, आणि तिच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये ही माझी त्या वेळची सगळ्यात मोठी काळजी. बसव्वा बोलत होत्या ते त्यांच्या नातीबद्दल, दानेश्वरीबद्दल. समोर हलगी कडकडत होती. गणपतीला महिना राहिला होता, आणि पन्नासेक मुली-बायका लेझीमचा सराव करत होत्या. पहिल्या रांगेच्या टोकाला दानू. चौदा वर्षांची, अंगानं काडी. पण बैठकीच्या डावात अशी खाली जायची की आता उठत नाही म्हणावं, आणि पुढच्या ठोक्याला ताडकन वर. हिला काय होणार आहे, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, मी ते ऐकलंच नाही.

आम्ही बसव्वांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली बसव्वा आणि दानू. दानूचे आईवडील अक्कलकोटला. वडील, कल्लप्पा, तिथं एका मंगल कार्यालयात आचारी आहेत. शाळा सोलापुरात बरी, आणि म्हातारीला सोबत, म्हणून दानू इथं. माझं माहेर सांगोल्याकडं. बीएस्सी झाले, लग्न झालं, सोलापुरात आले. ऋतुराज, माझा नवरा, चिंचोळी एमआयडीसीत आहे. त्याला दुसरी पाळी चिकटली ती चिकटलीच. दुपारी अडीचला तो जिना उतरला की घरात एक चार वर्षांचं माणूस आणि एक सत्तावीस वर्षांचं. गल्लीतल्या बायका आपसात कन्नड बोलायच्या, पलीकडच्या तेलुगू. मी दिसले की मराठीत यायच्या, आणि मराठीत आल्या की बोलणं संपायचं. जेवलात का, व्हय, जेवलो. झालं.

एकटं माणूस काळजी शोधून काढतं. संस्कृती दुपारी झोपली की मी मोबाईलवर मिनिट लावून तिचे श्वास मोजायचे आणि एका वहीत लिहायचे. चोवीस. सव्वीस. चोवीस. तिला काहीही झालेलं नव्हतं.

एका दुपारी दानूनं ती वही बघितली.

“काकू, हे काय? क्रिकेटचा स्कोअर?”

“काकू कुणाला म्हणतेस गं?”

“मग काय म्हणू? वहिनी म्हणावं तर दादा दिसले पाहिजेत की कधीतरी.” मग संस्कृतीला कडेवर घेऊन म्हणाली, “चला मैदानावर. लेझीम शिका. तितं माणसं चावत न्हाईत.”

मी गेले. शिकवायला मायाप्पामामा होते, साठीचे, गळ्यात शिट्टी, आवाज हलगीपेक्षा मोठा. दानूकडून माझं शिक्षण कळलं होतं, पहिल्याच दिवशी ओरडले, “ओ बीएस्सी बाई! औषध कालवायला आलाय का? हात वर घ्या!” पन्नास बायका हसल्या. मीही हसले. लग्नानंतर पहिल्यांदा एवढ्या लोकांत मला कुणी हाक मारली होती. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांची ‘बीएस्सी’ झाले. शेवटच्या रांगेत माझी जागा ठरली. बसव्वा पाट घेऊन यायच्या, संस्कृतीला मांडीवर घेऊन कडेला बसायच्या. संध्याकाळी साडेपाच ते सात. त्या दीड तासासाठी मी दुपारपासून तयारी करायचे.

आणि त्यातच बसव्वांनी ते वाक्य टाकलं होतं. आठवडाभरानं पुन्हा टाकलं. खेळ संपला होता, सगळ्या पाणी पीत होत्या, कुणी लेझमी गोळा करत होत्या. दानू नळाकडं, शाळेच्या भिंतीआड गेली होती.

“ऐकू येतंय का तुला?” बसव्वा म्हणाल्या.

“काय, आज्जी?”

“मला दिसत न्हाय नीट, मोतीबिंदू हाय. पन कान शाबूत हायत. तिच्या आजाच्या छातीत असंच वाजायचं. तीस वर्षं मागावर होते ते, कापसाच्या धुरळ्यात.”

“अहो, एवढं नाचल्यावर कुणालाही धाप लागते. मला नाही का लागली?”

“तुझी उतरली की,” बसव्वा म्हणाल्या. “तिची आता चढतीय.”

यावर मी काय करावं? शिकलेल्या माणसासारखं मोबाईल उघडला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, व्यायामाची सवय नसेल तर दम लागतो, हळूहळू क्षमता वाढते. त्याखाली आणखी बरंच होतं. मला हवं ते मिळालं होतं, मी पान बंद केलं. बसव्वांना म्हटलं, “आज्जी, स्टॅमिना कमी आहे तिचा. वाढेल.”

“लई शिकलीस की तू,” बसव्वा म्हणाल्या. टोमणा होता की कौतुक, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग एकदा मीच पाहिलं. सराव झाला होता, मी संस्कृतीचा बूट आणायला मागे राहिले आणि घरी आले, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर दानू बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत वर, गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मैदानातून निघून सात-आठ मिनिटं झाली असतील. खेळताना ती हसत होती, ठेका चुकला नव्हता. मी जवळ गेले तर बारीक आवाज आला, चहाच्या भांड्यावरची झाकणी थरथरावी तसा.

तिनं दप्तरातल्या खोक्यातून एक निळा पंप काढला, दोनदा ओढला. थोड्या वेळानं खांदे खाली आले.

“हा कुणी दिला?”

“गेल्या वर्षी डॉक्टरनं. मला तेव्हाबी असंच झालतं, शाळेत पळाल्यावर. पप्पा म्हनले, लोकांम्होरं ओढू नको. पोरीच्या जातीला दमा हाय म्हनून गावभर होईल.” मग माझा हात धरला. आज्जीला ती अव्वा म्हणायची. “काकू, अव्वाला सांगू नका. मामाला तर न्हाईच. मागच्या रांगेत टाकतील न्हाईतर घरी पाठवतील.”

मी पंपाच्या खोक्यातला कागद उलगडून वाचला. हात थरथरणे, छातीत धडधड, डोकेदुखी. एवढ्याशा मुलीला हे? मी म्हटलं, “अगदीच अडलं तरच घे. याची सवय नको लावूस.”

औषधाला सवय म्हणतात हे मी कुठं शिकले कोण जाणे. केमिस्ट्रीच्या पुस्तकात तर नव्हतं.

आणि मी कुणाला सांगितलं नाही. दानूला शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं मी आज लिहिते आहे. दानू घरी बसली असती तर बसव्वा मैदानावर आल्या नसत्या, संस्कृतीला कुणी सांभाळलं नसतं, आणि माझं जाणं बंद झालं असतं. पुन्हा अडीच वाजता जिना, मग झोपेपर्यंत मी आणि ती वही. चौदा वर्षांच्या मुलीच्या श्वासापेक्षा मला माझी संध्याकाळ जास्त हवी होती. तेव्हा मी असं मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. फक्त गप्प राहिले होते.

विसर्जनाच्या दिवशी आमच्या मंडळाचा नंबर दुपारी चारला होता. बसव्वांचे गुडघे गर्दीत चालणारे नव्हते, त्या घरीच थांबल्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी रुमालाच्या गाठीत काहीतरी बांधून माझ्या हातात दिलं. हाताला लागलं तेव्हाच कळलं. त्यांना पंपाचं आधीपासून माहीत होतं.

“तिच्या नऊवारीला खिसा न्हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पिशवीत ऱ्हाऊ दे.”

माझी पिशवी. तिच्यात संस्कृतीचं पाणी होतं, जास्तीचा फ्रॉक, बिस्किटं, ओले रुमाल, तापाचं औषध, थर्मामीटर, टोपी. वर जाऊन मी ती पुन्हा लावत होते, तेवढ्यात दानू फेटा बांधून वर आली. कपाळाला चंद्रकोर, कमरेला पट्टा.

“काकू, ते नका घेऊ. पिशवीतनं पडलं तर मामाला दिसंल. आज मी पुढची हाय, मधली. बघा, मला काय हुतंय का.”

मी तिच्याकडं पाहिलं. ती इतकी सुंदर दिसत होती. पिशवीची चेनही लागत नव्हती. मी गाठ बाहेर काढली आणि फ्रिजवर ठेवली.

नंतर सगळ्यांना मी सांगितलं की गडबडीत विसरले. विसरले नव्हते.

संस्कृतीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मिरवणुकीत मी रांगेत न उतरता कडेनं चालत होते, आणि बसव्वांनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट, सगळा वेळ दानूकडं बघत होते. ठेका चढत गेला, मामांची शिट्टी, एक डाव, दुसरा, बैठकीचा, पुन्हा बैठकीचा. लोक गच्च्यांवरून ओरडत होते. पुढच्या मंडळाच्या गुलालाची धूळ हवेत उभी होती. दानूच्या चेहऱ्यावर एकदाही त्रास दिसला नाही. चौकात आल्यावर मामांनी लांब शिट्टी दिली, सगळ्या थांबल्या, टाळ्या पडल्या. दानूनं मागे वळून मला दोन बोटं दाखवली, जिंकल्यासारखी. मला हायसं वाटलं. झालं एकदाचं, असं मी मनात म्हटलं आणि संस्कृतीला बिस्किट काढून दिलं. तिचा चेहरा पुसला. पाणी पाजलं. तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. कुणीतरी फोटोला बोलावलं, मी गेले. मामा म्हणाले, “बीएस्सी, आज आपण सगळे पास हां!”

दहा मिनिटं गेली असतील. संस्कृती माझ्या पदराला ओढत होती.

“आई, दानूताई शिट्टी वाजवतीय.”

“मामा वाजवतात, बाळा.”

“मामा न्हाई. दानूताई. तोंडात शिट्टी न्हाई तरी वाजवतीय.”

ती जनरेटरच्या ट्रॉलीमागे होती. रस्त्यावर बसलेली, दोन्ही तळहात मागे टेकून, मान पुढे, फेटा सुटून गळ्यात आलेला. ओठांचा रंग मी आजही कुणाला सांगू शकत नाही. मी “दानू” म्हटलं. तिनं तोंड उघडलं आणि एकच शब्द आला. “पंप.” मग श्वास. मग पुन्हा, “पंप.”

मी पिशवी रस्त्यावर उलटी केली. माहीत होतं त्यात नाही. तरी उलटी केली. फ्रॉक, टोपी, थर्मामीटर.

बायका जमल्या. कुणी म्हणालं आडवी करा, कुणी म्हणालं कांदा फोडा. कुणी तिच्या तोंडाला पाणी लावलं, ते सगळं बाहेर आलं. मी ओरडले, “आडवी नका करू तिला!” एवढं एकच मी त्या दिवशी बरोबर केलं. मायाप्पामामांनी हलगी बंद करायला लावली. पुढच्या मंडळाची गाणी चालूच होती, त्यामुळं बंद झाल्याचं कुणाला कळलंही नाही. औषधाचं दुकान मिरवणुकीमुळं बंद. रस्ता दोन्हीकडून बांबू लावून अडवलेला. मामांनीच तिला पाठीवर घेतलं, साठीच्या माणसानं, आणि बोळातून पळत सुटले. मी संस्कृतीला घेऊन मागे. बोळाच्या तोंडाशी तिप्पण्णा म्हणून आमच्याच गल्लीतला रिक्षावाला होता. त्यानं दोन प्रवासी खाली उतरवले.

रिक्षात मी तिला टेकवून बसवलं. तिच्या पाठीवर माझा हात होता आणि हाताखाली फासळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, पण आत काही जात नव्हतं. सवयीनं मी मोजायला लागले. एका मिनिटाला किती, ते मला मोजता आलं नाही.

दवाखान्यात त्यांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शहाऐंशी. तोंडावर मास्क चढवला, त्यातून वाफ निघू लागली. एक सुई. पुन्हा वाफ. अर्ध्या तासानं आकडा एक्क्याण्णव, मग चौऱ्याण्णव. डॉक्टर मुलगी माझ्याच वयाची असेल. तिनं विचारलं, “पंप होता ना हिच्याकडं? कुठाय?”

मी तोंड उघडलं. दानूनं मास्क बाजूला केला आणि म्हणाली, “मीच... घरी... ठिवला.”

आणि माझ्याकडं बघितलं. आता बोलू नका, असं.

मी तोंड मिटलं.

डॉक्टरनं मग समजावून सांगितलं, टेबलावरचा कागद घेऊन चित्र काढून. काही जणांच्या श्वासनळ्या जोराच्या व्यायामानंतर आवळतात, त्यात धूळ किंवा गार हवा असली तर आणखी. खेळताना कळत नाही. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत त्रास वाढतो. खेळ बंद करायचं कारण नाही. खेळायच्या पाव तास आधी पंप, आधी हळूहळू अंग गरम करायचं, पंप कायम जवळ, आणि खेळानंतर कुणीतरी सोबत. नियमित तपासणी. “चांगली खेळाडू होईल ही,” ती म्हणाली.

कल्लप्पा अक्कलकोटहून आले, कार्यालयातून तसेच, शर्टाला हळदीचा डाग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “डाक्टर बोलतील,” बाहेर येऊन म्हणाले. “पोरगी आमची हाय.”

फ्रिजवरची गाठ मी बसव्वांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती चाचपली, सोडली नाही. “विसरलीस व्हय,” म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांना दिसली की नाही माहीत नाही.

पंधरा दिवसांत दानूचा शाळेचा दाखला निघाला. बसव्वाही तिच्याबरोबर अक्कलकोटला गेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडंच करू म्हणून, आणि राहिल्या. खाली कुलूप आहे. संध्याकाळी मी मैदानावर जात नाही. मायाप्पामामा एकदा जिन्याखालून हाक मारून गेले, “बीएस्सी! अहो बीएस्सी!” मी दिवा लावला नाही. संस्कृती म्हणाली, “आई, मामा बोलावतायत.” मी म्हटलं, “हळू बोल.”

कल्लप्पांना फोन करते. “बरी हाय” म्हणतात, ठेवतात. मी एकदा अक्कलकोटला गेलेही. दानूची आई दारातच उभी राहिली. चहा दिला, उंबऱ्यावरच. दानू शाळेत होती. “ताई, राग मानू नका,” ती म्हणाली, “तिचं लेझीम-बिझीम आमी बंद केलंय. तुमाला बघितलं की तिला आठवंल. नका येऊ.” आतून बसव्वांच्या खोकण्याचा आवाज आला. त्यांनी माझा आवाज ओळखला असणारच. त्या बाहेर आल्या नाहीत.

सव्वीस जानेवारीला अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. शाळेचं मैदान, मुलींच्या रांगा, हातात लेझीम. खाली एक अक्षर नाही. मी तो फोटो वाढवून वाढवून पाहिला. पहिल्या रांगेच्या टोकाला एक काडीसारखी मुलगी खाली बसलेल्या डावात आहे. चेहरा हाताआड गेलाय. मी लिहिलं, ‘दानू, तू आहेस का? पंप जवळ आहे का?’ निरोपाखाली एकच बारीक टिक आली, दुसरी अजून आलेली नाही.

ती असेल, तर घरच्यांना न सांगता खेळते आहे. म्हणजे पंप घरी असेल, आणि तिथं कुणाला काही माहीत नसेल. ऋतुराज म्हणतो, “तू उगाच घाबरतेस, कुठल्यातरी मुलीचा फोटो असेल.” असेलही. माझ्या काळजीवर मी स्वतःसुद्धा आता विश्वास ठेवत नाही. ती नेहमी चुकीच्या मुलीजवळ उभी असते.

शिवजयंती जवळ आली आहे. लेझीम पुन्हा निघेल. मला तिथं जायची परवानगी नाही, पण तुम्ही अक्कलकोटकडचे असाल, नाहीतर त्या दिवशी तिकडं जाणार असाल, तर माझं एक काम करा. मुलींचा खेळ बघा, टाळ्या वाजवा आणि लगेच निघू नका. सरबत वाटप सुरू झालं की गर्दीतून बाजूला गेलेली एक मुलगी शोधा. उंच, बारीक, दानेश्वरी नाव. तिला काहीतरी असं विचारा की उत्तर लांब द्यावं लागेल. ती तुमची खोड काढेल, तुमच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून, कशावरूनही. ते वाक्य एका दमात पूर्ण झालं तर हसा आणि तुमच्या वाटेनं जा.

शब्द मध्येच तुटले, तर तिला बसती ठेवा, पंप कुठाय विचारा आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता दवाखान्यात न्या. कुणी विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं, तर माझं नाव सांगा. सृष्टी, वरच्या मजल्यावरची. आणि कसंही असलं तरी मला एवढं कळवा, की तिला बघितलंत.